चार शहरांचा एक निवारा: खर्चाची वाटणी आता लेखी ठरवा

प्रति,
मा. प्रधान सचिव, नगरविकास विभाग, महाराष्ट्र शासन
मा. जिल्हाधिकारी, ठाणे
मा. आयुक्त, कल्याण-डोंबिवली महापालिका आणि उल्हासनगर महापालिका
मा. मुख्याधिकारी, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदा
तसेच या चारही सभागृहांतील सर्व लोकनियुक्त सदस्य

विषय: भटक्या आणि जखमी प्राण्यांसाठी चार शहरांचा संयुक्त निवारा आणि त्याच्या खर्चाचे कायमचे सूत्र

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त परिचारिका आहे. नोकरीची बरीच वर्षे सरकारी रुग्णालयात गेली आणि त्यातला मोठा काळ इंजेक्शनच्या खोलीत. कुत्रा चावलेली माणसे तिथे रोज येत. पोटरी फाटलेला रिक्षावाला, पहाटे कामाला निघालेली सफाई कामगार, शाळेच्या गणवेशातले मूल आणि त्याला कडेवर घेऊन धावत आलेली आई. आता मी दोन पालिकांच्या सीमेवर राहते आणि आमच्या वसाहतीतल्या कुत्र्यांना सकाळी खायलाही घालते. या दोन गोष्टींत मला कधी विरोध वाटला नाही. चावलेल्या मुलाची काळजी आणि चावणाऱ्या कुत्र्याचे लसीकरण हे एकच काम आहे, आणि ते काम आपल्या चार शहरांच्या हद्दींमध्ये अडकून पडले आहे. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

माझी मागणी एका वाक्यात सांगते. कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या चार शहरांनी मिळून एक कायमस्वरूपी प्राणी निवारा उभारावा आणि त्याचा खर्च कोणी किती उचलायचा याचे सूत्र लेखी करारात बांधावे. सूत्र हा शब्द मी मुद्दाम वापरते. जागा कुठे आणि इमारत कशी यावर चर्चा होतात, पण तो निवारा दहा वर्षे चालवायचा तर दर महिन्याला पैसे कोण भरणार हे कोणी लिहून देत नाही. खर्चाची जबाबदारी पक्की नसली की निवाऱ्याचे फक्त उद्घाटन होते.

चार शहरांनीच एकत्र का यावे, ते आधी सांगते. वालधुनी नदी अंबरनाथच्या बाजूने येते, उल्हासनगरमधून वाहते आणि कल्याणला खाडीला मिळते. तिच्या काठाचा कचरा, त्यावर जगणारी कुत्री, डुकरे आणि गुरे या तिन्ही शहरांची मिळून आहेत. शहाडचा पूल ओलांडला की पालिका बदलते, रस्ता तोच राहतो. कल्याण-डोंबिवलीलगतच्या २७ गावांचे उदाहरण तर सर्वांना माहीत आहे. ती २००२ मध्ये कल्याण-डोंबिवलीतून बाहेर गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा आत आली. कागदावरची रेघ दोनदा सरकली, पण तिथल्या एकाही कुत्र्याने गल्ली बदलली नाही. एका शहराने मन लावून निर्बीजीकरण केले आणि शेजारच्याने वर्षभर काहीच केले नाही, तर पहिल्या शहराचा खर्चही वाया जातो. रेबीज रोखायचा तर एखाद्या भागातल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळायला हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. इथे भाग म्हणजे कुत्री जिथे वावरतात तो सलग परिसर. तो प्रभागाच्या नकाशावर संपत नाही.

आता माझ्या तक्रारी मांडते. कोणत्या पालिकेत काय घडले, त्यांची नावे मी लिहीत नाही. एका कार्यालयाला दोषी ठरवले की बाकीची तीन सुटल्यासारखी वागतील.

पहिली तक्रार हद्दीची आहे. सीमेवरच्या रस्त्यावर एका टेम्पोने कुत्रीला उडवले. मागचे दोन्ही पाय गेले होते, पण ती शुद्धीवर होती. मी एका पालिकेला फोन केला, तेव्हा रस्त्याची ती बाजू आमच्याकडे येत नाही असे उत्तर मिळाले. दुसऱ्या पालिकेने सांगितले की आमच्याकडे निर्बीजीकरणाचा ठेका आहे, उपचाराचा नाही. दोघांनीही आपापल्या कागदाप्रमाणे खरेच सांगितले, म्हणूनच मला त्याचा जास्त त्रास होतो. माणसाच्या चुकीवर उपाय असतो. इथे व्यवस्थेतच त्या कुत्रीसाठी जागा ठेवलेली नाही. शेवटी दोन मुलांनी तिला गोणपाटावर घालून खासगी डॉक्टरकडे नेले आणि वर्गणी काढून बिल भरले.

दुसरी तक्रार नोंदींची. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात कल्याण, अंबरनाथ, बदलापूरपासून कर्जत-मुरबाडपर्यंतचे रुग्ण येतात. म्हणजे माणसांच्या बाबतीत आपण हा सगळा पट्टा एकच धरला आहे. कुत्र्यांच्या बाबतीत मात्र चार वेगळ्या वह्या आहेत. चावलेल्या माणसाला आम्ही पहिला प्रश्न विचारायचो, कुत्रा ओळखीचा आहे का, त्याला लस दिली आहे का. उत्तर जवळजवळ कधीच मिळत नसे. कानाला खाच असेल तर त्याचे निर्बीजीकरण झाले एवढे कळते. कोणी केले, कधी केले आणि त्यानंतर लसीचा पुढचा डोस दिला का, हे दुसऱ्या शहराच्या दवाखान्यात कोणालाच ठाऊक नसते. संशयित कुत्र्याला दहा दिवस वेगळे ठेवून त्याच्यावर लक्ष ठेवायचे असते. तो दहा दिवसांत जिवंत आणि ठणठणीत राहिला तर चावलेल्या माणसाच्या घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण त्याला ठेवायचे कुठे? त्यासाठीचा पिंजरा कोणत्या शहरात आहे आणि त्यात आज जागा आहे का, हे सांगणारा एकही फोन नंबर मला सापडलेला नाही.

रेबीज एकदा अंगात भिनला की त्यावर औषध नाही, हे मला रोज लोकांना सांगावे लागे. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे, वेळेवर लसीचे सगळे डोस आणि खोल जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, एवढेच माणसाच्या हातात असते. रोजंदारीवरच्या माणसाला प्रत्येक डोससाठी एक दिवसाची मजुरी सोडावी लागते. म्हणून तिसऱ्या डोसला बरेच जण येत नसत. ‘माणसांनाच धड निवारा नाही आणि तुम्ही कुत्र्यांना निवारा मागता’ असे मला ऐकवले जाते. मी त्या रांगेतल्या माणसांसाठीच मागते आहे. त्यांच्यापर्यंत रोग पोहोचू नये याची जागा इंजेक्शनच्या खोलीच्या बरीच आधी असते.

तिसरी तक्रार ठेक्यांची. निर्बीजीकरणाची कामे निविदा काढून, दर कुत्र्यामागे ठरावीक रक्कम देऊन दिली जातात. मुदत संपली की नवी निविदा निघेपर्यंत काम थांबते. त्या काळात पिल्ले जन्माला येतात आणि आधी केलेले काम मागे पडते. दर कुत्र्यामागे पैसे म्हणजे शस्त्रक्रियेचे पैसे. जखमी, आंधळ्या, म्हाताऱ्या प्राण्याला सांभाळण्याचे पैसे त्यात कोठेच धरलेले नसतात. मांजरांचा तर विचारही नसतो. गुरांसाठी पूर्वी कोंडवाडे असत. आज महामार्गावर रात्री बसलेली गाय उचलून न्यायची कुठे, हे वाहतूक पोलिसांनाही सांगता येत नाही.

चौथी तक्रार सर्वांत तातडीची आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ प्रमाणे निर्बीजीकरण आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे आणि उपचारानंतर कुत्रा मूळ जागी सोडायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात हेच तत्त्व कायम ठेवले आणि रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री त्यातून वगळली. त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडा संकुले, बस आगारे आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवावीत आणि पुन्हा तिथे सोडू नयेत, असे सांगितले. या आदेशाबद्दल माझ्या मनात प्रश्न आहेत, प्राणिप्रेमी मित्रांच्या मनात त्याहून जास्त आहेत. पण आदेश पाळायचा म्हणजे ही कुत्री कायमची कुठेतरी ठेवावी लागणार. कल्याण जंक्शनपासून बदलापूरपर्यंतची स्थानके, शेकडो शाळा, रुग्णालये, आगारे. चार शहरे चार ठिकाणी पत्र्याची शेड टाकून हे करू लागली, तर चारही जागी अपुरे पिंजरे, अर्धवेळ डॉक्टर आणि रोगाचे फैलाव होतील. खच्चून भरलेल्या शेडमध्ये पार्व्हो आणि डिस्टेंपर हे कुत्र्यांचे जीवघेणे साथरोग किती वेगाने पसरतात, ते कोणत्याही पशुवैद्यकाला विचारा.

पाचवी तक्रार, जिच्यामुळे बाकीच्या चार सुटत नाहीत. पैशांचा विषय आला की प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघतो.

मोठे शहर म्हणते, समान वाटा घ्या. लहान शहर म्हणते, जेवढे प्राणी पाठवू तेवढ्यांचेच पैसे देऊ. दोन्ही का चुकीचे आहे ते आकड्यांनी सांगते. समजा, निवाऱ्याचा वार्षिक खर्च दोन कोटी रुपये आहे. हा आकडा मी फक्त हिशेबासाठी धरला आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख, उल्हासनगरची पाच लाख, अंबरनाथची अडीच लाख आणि बदलापूरची पावणेदोन लाख. समान वाटा म्हणजे प्रत्येकी पन्नास लाख. त्यात बदलापूरच्या माणसामागे जवळपास २९ रुपये पडतात आणि कल्याण-डोंबिवलीच्या माणसामागे चार. बदलापूरच्या सभागृहात असा ठराव कधीच मंजूर होणार नाही, आणि होऊही नये.

दर प्राण्यामागे पैसे घेण्याची पद्धत वरवर न्याय्य दिसते. मला ती सर्वांत घातक वाटते. ज्या शहराची गाडी रोज फिरेल, जे जखमी प्राणी उचलेल, त्याचे बिल वाढणार. जे शहर गाडी बंद ठेवेल, त्याचे पैसे वाचणार. दुर्लक्ष स्वस्त पडते आणि काम महाग पडते अशी रचना आपणच लिहून ठेवली, तर अधिकारी कितीही सज्जन असले तरी मार्चमध्ये गाडी उभीच राहील. शिवाय कुत्री येवोत न येवोत, डॉक्टरचा पगार, विजेचे बिल, शस्त्रक्रियागृह आणि लस साठवायचे शीतकपाट यांचा खर्च चालूच असतो. अग्निशमन दलाचे पैसे आपण आगी मोजून देत नाही. मे २०२४ मध्ये डोंबिवली एमआयडीसीत स्फोट झाला तेव्हा शेजारच्या शहरांचे बंब धावून आले, आधी हद्द कोणी विचारली नाही.

म्हणून माझा प्रस्ताव असा. वार्षिक खर्चातला ७० टक्के भाग लोकसंख्येच्या प्रमाणात वाटावा आणि उरलेला ३० टक्के मागच्या तीन वर्षांच्या सरासरी वापरावर. दोन कोटींच्या उदाहरणात लोकसंख्येवरचे एक कोटी चाळीस लाख असे पडतात: कल्याण-डोंबिवली सुमारे ८० लाख, उल्हासनगर साडेबत्तीस लाख, अंबरनाथ सव्वासोळा लाख, बदलापूर सव्वाअकरा लाख. उरलेले ६० लाख वापराप्रमाणे. तीन वर्षांची सरासरी धरली की एखाद्या वर्षी जोरात मोहीम काढणाऱ्या शहराला लगेच भुर्दंड बसत नाही. २०११ चे आकडे जुने झालेत, विशेषतः बदलापूर त्यानंतर झपाट्याने वाढले, हे मला माहीत आहे. २०२७ च्या जनगणनेचे आकडे आले की वाटे आपोआप बदलतील, असे कलम करारातच घाला. म्हणजे पुन्हा चार वर्षे बैठका नकोत.

जागेचा प्रश्न वेगळा सोडवावा लागेल. उल्हासनगर अवघ्या तेरा चौरस किलोमीटरचे शहर आहे. तिथे माणसाला उभे राहायला जागा नाही, निवाऱ्यासाठी कोठून आणणार? जागा दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागेल, आणि ज्या गावाजवळ ती निघेल तिथले लोक विरोध करतील. आवाज, वास, आपल्या परिसरात दुसऱ्यांची कुत्री. त्यांचा राग मला अनाठायी वाटत नाही. जे शहर जागा देईल त्याच्या वाट्यातून त्या जमिनीचे रेडीरेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे होणारे भाडे वजा करा. निवाऱ्याचा रस्ता, सांडपाण्याची व्यवस्था आणि भोवतीची झाडांची पट्टी यांचा खर्च चौघांनी मिळून करा. त्या गावातल्या पाळीव जनावरांना तिथे मोफत उपचार द्या. इतरांचा भार घेणाऱ्या गावाला काही मिळाले पाहिजे.

एकत्र खर्च करणे आपल्याला जमत नाही, असे कोणी म्हणू नये. ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदर या तीन महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद यांची मिळून स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी आहे. शहाड-टेमघरच्या त्या योजनेचे पाणी तिन्ही शहरे आणि गावे वाटून घेतात. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर यांचा एकत्रित घनकचरा प्रकल्प बदलापूरजवळ वालिवलीला आखला गेला. पाण्यासाठी आणि कचऱ्यासाठी जे होते, ते जिवंत प्राण्यांसाठीही व्हायला हवे.

कायद्यातही आधार आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतल्या पंधराव्या नोंदीत कोंडवाडे आणि प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध हे विषय नगरपालिकांच्या कामांत आहेत. २००१ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असायला हवी आणि तिच्या रुग्णालय-निवाऱ्यासाठी राज्य सरकारने पुरेशी जमीन द्यायची आहे. म्हणजे हा प्रश्न जिल्ह्याच्या पातळीवर सोडवायचा, हे वीस वर्षांपेक्षा जास्त काळ कागदावर आहे. जिल्हाधिकारी महोदय, सीमेचा वाद आला की पालिका एकमेकींकडे बोट दाखवतात. चौघींना एका टेबलाशी बसवण्याचा अधिकार आपल्याकडे आहे.

शेजारच्या गोव्याकडेही बघावे. तिथे राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही स्वयंसेवी संस्था यांनी पालिका आणि पंचायतींच्या हद्दी बाजूला ठेवून सगळ्या राज्याची एकच आखणी केली. पथके गल्लीन् गल्ली फिरून लस देत गेली, प्रत्येक कुत्र्याची नोंद मोबाइलवर होत गेली. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. आपल्या चार शहरांची एकत्रित लोकसंख्या २०११ मध्येच गोव्याहून जास्त होती. तेव्हा आपण लहान आहोत म्हणून जमत नाही, हे कारण चालणार नाही. केंद्राच्या राष्ट्रीय आराखड्यात कुत्र्यांमुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवण्याचे उद्दिष्ट आहे.

आता नेमक्या मागण्या.

चार पालिकांची संयुक्त समिती स्थापन करा आणि तिच्यात दोन पशुवैद्यक, सरकारी रुग्णालयाचा एक डॉक्टर आणि चारही शहरांतले नागरिक घ्या. प्राण्यांना रोज खायला घालणाऱ्या बायकांनाही घ्या. कोणत्या गल्लीत कोणती कुत्री नवी आली, कोणती व्यायली, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत नसते. त्यांच्यावर सोसायट्यांत जी दमदाटी होते ती थांबवण्याचे लेखी आदेश पोलीस ठाण्यांना द्या.

खर्चाचे सूत्र करारात लिहा आणि करार किमान दहा वर्षांचा करा. प्रत्येक पालिकेने आपला वाटा तिमाही सुरू होण्याआधी एका स्वतंत्र खात्यात भरावा. एखाद्या पालिकेने हप्ता चुकवला तर नगरविकास विभागाने ती रक्कम तिच्या शासकीय अनुदानातून परस्पर वळती करावी. महापालिकांना २०१७ पासून दरमहा जीएसटी भरपाई मिळते, नगरपरिषदांना सहायक अनुदान मिळते. पगार थांबू नयेत म्हणून जी शिस्त पाळली जाते, ती इथेही पाळता येईल. एकाच पालिकेने पैसे थकवले म्हणून पिंजऱ्यातल्या प्राण्यांचे अन्न बंद पडता कामा नये.

चारही शहरांसाठी एकच हेल्पलाइन आणि एकच नोंदवही ठेवा. फोन करणाऱ्याला हद्द विचारू नका. गाडी आधी पाठवा, हिशेब नंतर लावा. चावल्याच्या घटनेची नोंद रुग्णालयातून त्याच दिवशी निवाऱ्याला जाऊ द्या.

निवाऱ्यात किती प्राणी आले, किती बरे होऊन गेले, किती दगावले, किती पैसे आले आणि कशावर गेले, हे दर महिन्याला मराठीत जाहीर करा. दगावलेल्या प्राण्यांचा आकडा लपवू नका. तो आकडा दिसत राहिला तरच निवारा नीट चालतो की नाही हे कळेल.

आणि निवारा उभा राहीपर्यंत आज जी केंद्रे चालू आहेत त्यांची दारे चारही शहरांतल्या जखमी आणि संशयित प्राण्यांसाठी उघडी करा, खर्च तात्पुरता लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून घ्या. त्याला नवी इमारत लागत नाही, चार सह्या लागतात.

अनेक वर्षांच्या प्रशासकीय राजवटीनंतर आपली सभागृहे पुन्हा भरली आहेत. नगरसेवकांनो, मते मागायला तुम्ही आमच्या इमारतीत आलात तेव्हा कुत्र्यांचा प्रश्न बहुतेक घरांतून तुमच्यापुढे मांडला गेला. कोणी म्हणाले त्यांना हटवा, कोणी म्हणाले त्यांना वाचवा. दोघांनाही उत्तर एकाच ठिकाणी मिळणार आहे. पुढच्या अर्थसंकल्पात आपापल्या पालिकेच्या वाट्याचे लेखाशीर्ष उघडण्याचा ठराव मांडा, आणि शेजारच्या शहरातल्या नगरसेवकाशी बोलून तसाच ठराव तिथेही मांडायला लावा.

जिल्हाधिकारी कार्यालयाने चारही पालिकांची संयुक्त बैठक बोलावून तिची तारीख जाहीर करावी आणि ती नागरिकांसाठी खुली ठेवावी. आमच्या भागातल्या कुत्र्यांच्या नोंदी, त्यांच्या लसीच्या तारखा आणि निवाऱ्यासाठी सुचवता येतील अशा शासकीय जागांची यादी घेऊन आम्ही त्या बैठकीला येऊ.

आपली विश्वासू,
दोन पालिकांच्या सीमेवर राहणारी एक निवृत्त परिचारिका